बिनपाल्याची अध्यक्षीण

माझ्यावर अभ्यास झालेला आहे. हसू नका. जाड पुठ्ठ्याचं, वर सोनेरी अक्षरं छापलेलं एक पुस्तक गोंदियात कोणाच्या तरी कपाटात पडून आहे आणि त्यात पान सहापासून शेवटपर्यंत मीच आहे. नाव नाही दिलेलं. तिथे मला ‘सदर अध्यक्ष’ म्हटलं आहे. सदर अध्यक्ष पहाटे उठतात. सदर अध्यक्ष स्पष्टवक्त्या आहेत. सदर अध्यक्षांचा ग्रामस्थांशी निकटचा संपर्क आहे. मी ते वाचलं तेव्हा मला वाटलं, ही बाई बरी दिसून राहिली, एकदा भेटायला पाहिजे हिला.

अभ्यास केला आमच्या गावच्या शाळेतल्या मॅडमनं. ती सातारकडची. नोकरी लागली आणि थेट इकडे आमच्या झाडीपट्टीत येऊन पडली. नवरा तिकडेच नोकरीला. आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती, ती मी तिला दिली. पहिल्या महिन्यात ती घाबरूनच असायची. एकदा मला हळूच म्हणाली, “अहो आजी, इथं सगळे सारखे भांडत का असतात हो?”

“कोण भांडून राहिलं?”

“ते काय, हातपंपावर.”

मी कान देऊन ऐकलं. एक बाई दुसरीला विचारत होती, पोरीचा ताप उतरला का. “भांडत नाही बाई,” मी म्हटलं, “विचारपूस करून राहिली.”

शाळा पाचवीपर्यंतची, शिक्षक दोन. म्हातारे गुरुजी मुख्याध्यापक होते, ते निवृत्त झाले आणि कारभार मॅडमच्या अंगावर आला. मुलांना शिकवणं तिला येत होतं, पण शाळा चालवणं म्हणजे वेगळंच. तांदळाचं रजिस्टर, पोषण आहाराचं रजिस्टर, आलेल्या पत्रांचं, गेलेल्या पत्रांचं. म्हणून तिनं शाळा व्यवस्थापनाच्या पदविकेला नाव घातलं. दर रविवारी गोंदियात वर्ग, बाकीचं घरी पुस्तकावर. दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा तिनं माझ्या ओसरीवर लिहिण्यात घालवला, साताऱ्याला गेलीच नाही. नवरा फोनवर म्हणायचा, “तू शाळा चालवायला शिक, मी इकडं एकटाच संसार चालवतो.” ती हसायची. फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून बसायची, मग उगीच पेनला टोपण लावायची, काढायची.

सगळे पेपर ती पास झाली होती. राहिला होता एक प्रकल्प. तोही एकदा परत आला होता. आणि नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपून राहिली होती. होळीच्या आत प्रकल्प पास झाला नाही, तर झालेले पेपरही गेले, पहिल्यापासून सुरू. तिनं मला हे सांगितलं तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, पण पोह्यात साखर दोनदा टाकली.

आता माझं सांगते. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले, मग भावाला सांभाळायला घरी बसवली. वाचायला नीट शिकले ती माझ्या पोरांच्या पुस्तकांवर, धान पाखडता पाखडता. तेव्हापासून अक्षर दिसलं की मला राहवत नाही. खताची पिशवी वाचते, लग्नपत्रिका वाचते, औषधाच्या बाटलीवरचं बारीकही वाचते. मग घरात मॅडमची जाड जाड पुस्तकं पडलेली असताना मी काय नुसती धूळ पुसणार होते?

त्यात नेतृत्वाचे प्रकार दिले होते. एक हुकूमशाही, एक लोकशाही आणि एक असा, ज्यात पुढारी काहीच करत नाही, सगळं ज्याचं त्याच्यावर सोडून देतो. या तिसऱ्या प्रकाराचं नाव इतकं लांब होतं की दोनदा जीभ अडखळली. पण ओळखलं मी त्याला लगेच. असा पुढारी चाळीस वर्षं माझ्या घरात खाटेवर बसलेला होता. देव त्याला तिथेही खाट देवो.

मी हे प्रकार हातपंपावर जाऊन बायांना समजावून सांगितले. शेजारणीला विचारलं, “तुही सासू कोणत्या प्रकारची आहे वो?”

ती म्हणाली, “तिन्ही. सकारी पहिली, कोणी पाव्हणा आला का दुसरी, अना काम निंघालं का तिसरी.”

मॅडमला सांगितलं तर तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिला वाटलं उदाहरण म्हणून चालेल.

तिचे मार्गदर्शक सर म्हणजे गोंदियाचे एक निवृत्त प्राध्यापक. गोंदियाचा माणूस, अर्धं मराठी अर्धं हिंदी. पहिला प्रकल्प त्यांनीच परत पाठवला होता. म्हणाले, “मॅडम, ये तो सब लिखते हैं. पुस्तकातलं पुस्तकात टाकलं. एक आदमी पकडो, उसको ठीक से देखो. शाळा चालवण्यात त्याचा हात कसा असते, तेवढंच लिहा.” मॅडम घरी आली, विचार करत ओसरीवर बसली. समोर मी तूर निवडत होते. आणि मी होते शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. तिला आयता माणूस मिळाला, तोही घरातल्या घरात.

मग सुरू झाली माझी चौकशी. मी चूल पेटवते आणि ही प्रश्नावली घेऊन मागे उभी.

“आजी, निर्णय घेताना आपण सहकाऱ्यांना विश्वासात घेता का? नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.”

“सहकारी कोण?”

“समितीचे सदस्य.”

“ते कुठे येतात बैठकीला? धान कापणीच्या दिवसात कोण येते? मी रजिस्टर घेऊन त्यांच्या शेतात, बांधीवर जाते, सही घेते, आणि सही होईपर्यंत दोन गोष्टी ऐकून घेते. हे कुठे बसते तुझ्या यात?”

तिनं बराच वेळ पेन चावलं. मग लिहिलं, लोकशाही.

तसंच मुलींच्या संडासाचं. तो नवा बांधला होता आणि म्हाताऱ्या गुरुजींनी त्याला कुलूप लावून ठेवलं होतं, साहेब तपासणीला आले की स्वच्छ दिसावा म्हणून. मुली जायच्या झुडपात. मी दोनदा किल्ली मागितली, तिसऱ्यांदा दगड घेतला. मॅडमनं लिहिलं, ‘सदर अध्यक्षांनी विद्यार्थिनींच्या सुविधेतील अडथळा स्वपुढाकाराने दूर केला.’ दगडाला स्वपुढाकार म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

मी अध्यक्ष झाले कशी, ते आता सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

आमचं गाव तलावावर जगते. आमच्या लोकांचं कामच ते, पिढ्यान्पिढ्या तलाव बांधले आणि त्याखाली धान घेतलं. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत केव्हा आणि किती सोडायचं, हे पाहायला एक माणूस नेमलेला असतो, त्याला पाणकर म्हणतात. पाण्याचं दार त्याच्या हाती. आणि आमच्या गावची रीत अशी, की ज्याची स्वतःची बांधी त्या तलावाखाली आहे, त्याला पाणकर करायचं नाही. कितीही सज्जन असो. ऐन वेळी हात आपल्याच बांधीकडे वळते. म्हणून पाणकर असा शोधायचा, ज्याला त्या पाण्याचा एक थेंब नको.

तर म्हाताऱ्या गुरुजींनी शाळेत सभा बोलावली. समिती निवडायची होती. एकानं विचारलं, “गुरुजी, अध्यक्षाले काम का असते?”

गुरुजी म्हणाले, “शाळेत सरकारचं जे काही येते, ते सगळ्या मुलांपर्यंत बरोबर पोचते का, ते पाहायचं.”

“म्हंजे पाणकर.”

झालं. सगळ्या सभेला एकदम समजलं. दुसरा उठून म्हणाला, “मंग ज्याचं पोट्टं शाळेत हाये त्याले करू नका. तो पह्यले आपल्याच पोट्ट्याच्या ताटात अंडं टाकन.” लोकांनी माना हलवल्या. शाळेत पोट्टं नसलेली घरं शोधली. तीन निघाली. एका घरचा माणूस दिवसाही पिऊन असतो. दुसऱ्याला ऐकू येत नाही. तिसरी मी. मला ऐकू येते, मी फक्त ऐकून घेत नाही. माझा मुलगा गोंदियाला लागून मुर्रीत राहतो, नात तिकडच्या इंग्रजी शाळेत. म्हणजे मला त्या पाण्याचा एक थेंब नको होता. टाळ्या वाजल्या.

गुरुजींच्या हातात नियमाचा कागद होता, ते काही वाचायला उठलेही होते. पण निवृत्तीला तीन महिने राहिलेला माणूस टाळ्या वाजत असताना किती वाचणार? बसले. वरच्या कार्यालयात पाठवायच्या फॉर्मात एक रकाना होता, अध्यक्षांच्या पाल्याचे नाव. रकाना रिकामा सोडायचा नाही अशी वरून सूचना. गुरुजींनी लिहिलं, ‘गावातील सर्व मुले’. वर्ग, पहिली ते पाचवी. फॉर्म गेला. कोणी काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी गुरुजींच्या खुर्चीवर मॅडम आली, तिनं तोच फॉर्म पाहून नवा भरला. तोही गेला.

आता या प्रकल्पात तो तक्ता तिनं जसाच्या तसा उतरवला. छान रेघा मारून.

पुस्तक बांधून सरांकडे गेलं. चार दिवसांनी फोन आला. मॅडम भाजी चिरत होती, तिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“मॅडम, पान बाईस निकालो.”

“हो सर, काढलं.” काढलं कुठलं, तिला पाठच होतं.

“अध्यक्ष की जानकारी. पाल्याचे नाव, गावातील सर्व मुले. वर्ग पहिली ते पाचवी. मॅडम, ये कैसी माँ है?”

मॅडम हसली. मीही हसले. सर हसले नाहीत.

“अब पान नऊ निकालो. वहाँ आपने ही नियम लिखा है. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला पाहिजे. पान नऊवर नियम आणि पान बावीसवर तो मोडलेला. दोन्ही आपके हाथ का. और समिती की सचिव कौन है?”

मॅडमनं विळी बाजूला सारली. सचिव मुख्याध्यापक असतो. म्हणजे तीच.

“मी थांबवलं तर तुमची मुदत गेली. आगे भेजा तर बाहर से परीक्षक येते, ते पकडेल. आठ दिन हैं तोंडी परीक्षेला. सोचो.”

फोन बंद झाला. वांगं अर्धं चिरलेलं तसंच. ती म्हणाली, “आजी, मी दोन वर्षं नियम पाठ केले हो. आणि माझ्याच टेबलावरचा कागद वाचला नाही.”

मला तिच्या तोंडाकडे पाहवेना. पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि डोक्यात तोवर एक उपाय आलाच होता. अध्यक्षाला पोर पाहिजे ना? पोर आणू. मी मुर्रीला सुनेला फोन लावला.

“मी का म्हणते, पोरीचं नाव आपल्या गावच्या शाळेत घालू का? थोडे दिवस.”

“कायले, मामीजी?”

“मले पाल्य पाहिजे.”

ती म्हणाली, “मामीजी, तुमच्या खुर्चीसाठी मी पोरीची शाळा सोडवू?”

“सोडवायची नाही वो. नावच फक्त.”

“नाव तिथे अना पोरगी इथे? अना तुमची म्याडम खोटी हजेरी लावन?”

सून हुशार आहे, तेवढा एक दोष सोडला तर चांगली आहे. मी फोन ठेवला.

पण फोनवर मी हळू बोलत नाही. सकाळपर्यंत गावाला सगळं कळलं, आणि सूर्य वर येतो न येतो तोच अंगणात पाच बाया उभ्या. प्रत्येकीच्या हाताला एक पोर.

“मोठीमाय, माह्यावाली घे. तिसरीत हाये, गुणाची हाये. पालक म्हनून तुहं नाव लाव. पन परत करजो.”

“तिची नको घेऊ, ते लय खाते. माह्यावाली घे.”

मागून एकीनं आपली पोरगी ढकलूनच पुढे केली. ही पोरगी गावात माहीत. बकरीला फ्रॉक घातलेली हीच. आई म्हणाली, “हे घे मोठीमाय. अना वापस नको करू.”

पोरगी मला खालीवर पाहून म्हणाली, “तुह्या घरी टीव्ही हाये का?”

मला इतकं आवडलं की मी तिलाच निवडली. पालक म्हणजे आईबापच पाहिजेत असं थोडंच आहे, सांभाळ करणारा म्हणून नाव लावता येते, हे मी मॅडमच्याच पुस्तकात वाचलं होतं. आईची सही घ्यायची, फॉर्म बदलायचा, पान बावीस नवं लावायचं. मॅडमला बोलावलं. कागद पुढे ठेवला.

आणि खरं सांगते, तिनं पेन उचललं. ती इतकी सरळ बाई, पण पेन उचललं. रकान्यात पोरीच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं, दुसरं लिहिलं. आम्ही सहा बाया श्वास धरून उभ्या. मग तिनं पोरीकडे पाहिलं. पोरगी मान लांब करून कागदात डोकावत होती.

“म्याडम,” ती म्हणाली, “मी तर माह्याच घरी राहतो. हे कॉपी झाली ना?”

मॅडमचं पेन थांबलं. वर्गात रोज सांगत असणार, कॉपी करू नका, पाहून लिहू नका. तिनं दोन्ही अक्षरांवर रेघ ओढली, कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि मला म्हणाली, “आजी, तो पाणकर कुठं भेटेल?”

आमचा उपाय बकरीवालीनं असा घालवला. तिची आई तिला घेऊन परत गेली, जाताना म्हणाली, “नशीबच फुटकं.”

पाणकर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर भेटला, मोहाच्या झाडाच्या सावलीत. आता तोही म्हाताराच. त्याच्या वरून बिरसीच्या विमानतळावरचं विमान गोल गोल फिरून राहिलं होतं, तिथे पोरं विमान चालवायला शिकतात. पाणकर वर बोट करून म्हणाला, “सकारपासून चकरा मारून राहिला. जात कोठीच नाई.” मग मॅडमकडे पाहून, “तुम्हीबी शिकूनच राहिल्या मनतात?”

मॅडमनं वही उघडली. त्याला विचारलं, बांधी नसलेला माणूस का निवडतात, ज्याची पाळी चुकते तो कोणाकडे तक्रार करतो, पाणकरच चुकला तर काय. तो सांगत गेला. एकदा त्यानं आपल्या जावयाच्या बांधीला घटकाभर जास्त पाणी सोडलं होतं. गावानं त्याला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्या घरासमोरून जाताना नुसते थांबायचे, पाहायचे आणि पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी तो स्वतः सभेत जाऊन उभा राहिला. मॅडम लिहीत होती. मी पाहिलं, ती प्रश्नावलीतलं एकही वाक्य विचारत नव्हती. नेहमी, कधीकधी, क्वचित काही नाही.

सहा दिवस ती लिहीत होती. शाळा सुटली की ओसरीवर. पान बावीस तसंच ठेवलं, ‘गावातील सर्व मुले’ तसंच ठेवलं, आणि त्यापुढे एक नवं प्रकरण घातलं. गावानं नियम का मोडला, कोणत्या रीतीनं मोडला आणि सचिव म्हणून तिला स्वतःला ते इतके दिवस दिसलं कसं नाही. हे शेवटचं तिनं इतकं उघड लिहिलं की मीच म्हटलं, “बाई, थोडं झाकून लिही.” ती म्हणाली, “झाकलं तर मग उरतंच काय?”

त्याच आठवड्यात शाळेच्या वऱ्हांड्यात सभा झाली. मी राजीनामा दिला. मॅडमनं नियम पूर्ण वाचला, मोठ्यानं, टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. अध्यक्ष पालकच पाहिजे. लोकांना ते काही पटेना.

“म्हंजे ज्याची बांधी तलावाखाली त्यालेच पाणकर करायचा? हा कोन्ता कायदा?”

बराच वेळ गेला. शेवटी एकाला सुचलं. गावात एक माळकरी आहे, त्याची पोरगी चौथीत. घरात अंडं शिजत नाही. “याले करा. याची पोट्टी अंडं खातच नाई.”

“पन जे अंडं खात नाई त्याले केळं भेटते ना?”

“मंग केळं वाटाले दुसरा माणूस ठेवा.”

असा ठराव झाला. अध्यक्ष माळकरी, आणि केळ्यांवर लक्ष ठेवायला मी, समितीतली शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून. त्या जागेला पोर लागत नाही, नियमातच आहे. मॅडमनं दोनदा तपासून पाहिलं.

तोंडी परीक्षेसाठी सरांनी आधीच सांगितलं होतं, “आजीला घेऊन या. केस दिसली पाहिजे.” मी नवं लुगडं नेसले. बसमध्ये मॅडम गोंदिया येईपर्यंत बॅगेचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. आत गेली, मी बाहेर बाकावर. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं, म्हणून मी दोष घेणार नाही.

बाहेरची परीक्षक नागपूरची, बारीक काडीचा चष्मा. ती आधी मॅडमला बराच वेळ पुस्तकातलं विचारत होती, मॅडम धडाधडा सांगत होती. मग मला आत बोलावलं.

“तुम्हीच का त्या सदर अध्यक्ष?”

“होती. आता उतरली.”

“एक सांगा. तुमचं मूल त्या शाळेत नाही. मग शाळेबद्दल तुम्हाला आस्था कशी असणार? नियम काही उगीच केलेला नाही.”

मी म्हटलं, “बाई, तुमचं कोणी पोर आज या परीक्षेला बसलं आहे का?”

“नाही. असतं तर मला बोलावलंच नसतं.”

“आमच्याही गावानं तेच केलं.”

सरांना खोकला आला. पाणी पिऊनही थांबेना. परीक्षक हसली नाही, चष्मा काढून पुसला आणि परत मॅडमकडे वळली. “ठीक आहे, गावाचं समजलं. तुमचं सांगा. तुम्हाला नियम माहीत होता?”

“होता.”

“कागद तुमच्या सहीनं गेला?”

“हो.”

“मग?”

मॅडम उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल, गुरुजींनी लिहिलं होतं, मी नवी होते. म्हणता आलं असतं, खोटंही नव्हतं. ती म्हणाली, “न वाचता सही केली, मॅडम. आधीच्यांचं अक्षर सुंदर होतं, तेच बघून उतरवत गेले. अध्यक्ष चांगलं काम करत होत्या, म्हणून शंकाही आली नाही. ही चूक माझी आहे. केंद्रप्रमुखांना मी लेखी कळवलं आहे.”

हे मला माहीत नव्हतं. तिनं कळवलं कधी? मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत नव्हती.

परीक्षक बाईनं काही लिहिलं. बराच वेळ लिहिलं. “या तुम्ही,” म्हणाली. बास.

केंद्रप्रमुखांकडून मॅडमला समज देणारं पत्र आलं, यापुढे दक्षता घ्यावी वगैरे. तिनं ते आवक रजिस्टरला नोंदवलं, आणि नोंदवण्याआधी तीनदा वाचलं. ती आता सगळंच तीनदा वाचते. किराण्याची यादीही.

निकाल होळीच्या दोन दिवस आधी मोबाइलवर आला. ती ओसरीवर आली, फोन माझ्यापुढे धरला. “आजी, तुम्ही वाचा. मला अक्षरं दिसत नाहीत.”

मी मुद्दाम चष्मा शोधला. डोक्यावरच होता, तरी शोधला. पुसला. फोन लांब धरला, जवळ धरला. विषयांची नावं एकेक करून वाचली, हळूहळू, प्रत्येक पेपरचं.

“आजी!”

“थांब ना वो. बारीक आहे.” प्रकल्पापाशी आले. श्रेणी ‘ब’. खाली परीक्षकाचा शेरा, ‘संशोधकाने इतरांच्या शाळेचा अभ्यास करण्यापूर्वी स्वतःच्या शाळेतील कागदपत्रे वाचावीत.’ तो शेरा मी जोरात वाचला. तिचा चेहरा पडला. त्याखाली जाड अक्षरात होतं, ते मी शेवटी वाचलं. उत्तीर्ण.

ती माझ्या खांद्यावर एक जोराची चापट मारून आत पळाली. सातारकडची बाई एवढ्या जोरात मारते, हे मला तोवर माहीत नव्हतं. आतून फोन लावल्याचा आवाज आला. मी दाराआड जाऊन उभी राहिले. असं ऐकणं चांगलं नाही, पण घर माझं आहे.

“मी येते आहे,” ती म्हणत होती. “हो, उन्हाळ्यात. अहो नाही, चार दिवस नाही. पूर्ण सुट्टी. काही पुस्तक नाही आणणार. नाही हो, खरंच नाही. झालं सगळं. काय? कोण ऐकतंय? कोणी नाही. आजी आहेत दाराआड.”